हर्रास बोलणारा

आष्टी
१२ जानेवारी २०२५

सुलोचना,
जय भीम.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. लग्नाआधी तुला दोन पत्रं लिहिली होती, त्यानंतर आज. जागृतीच्या पत्त्यावर पाठवतो. लेकीनं आधी उघडलं तरी हरकत नाही, तिच्यापासून आता काय लपायचं राहिलं आहे?

तू बोरगाव मेघेला जाऊन आज नऊ दिवस झाले. शेजारी विचारतात, मी सांगतो लेकीकडे गेली, येईल. तुझ्या बीपीच्या गोळ्या इथेच राहिल्या. काजलजवळ पाठवेन.

काजलवर राग धरू नकोस, नात आहे आपली. पोरीनं मुद्दाम काही केलं नाही. तिच्या सरांनी एमएच्या पोरांना सांगितलं, आपल्या भागातला एकेक जुना शब्द घ्या आणि त्याचा इतिहास लिहा. तिनं हर्रास घेतला, कारण तिचा आजोबा अडतीस वर्षं हर्रास बोलला, टेबलाशी उभा राहून बोली पुकारत आला. पुण्यामुंबईकडे लिलाव म्हणतात, त्यांना हर्रास म्हटलं तर कळतसुद्धा नाही. तिनं जुने जाहीरनामे मागितले, मी पेटीतला गठ्ठा काढून दिला. बाजारातल्या मालाचे, जंगलाच्या लाकडाचे, गावच्या चिंचांचे, कोंडवाड्यातल्या गुरांचे. जेवढ्या हर्राशी बोललो तेवढे कागद मी ठेवले होते.

ती ओट्यावर बसून वाचत होती, तू बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होतीस. पोलिसांच्या ताब्यातली बेवारस वाहनं, वर्धा, १८ जून २०१३. पोरगी गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचत गेली. शेवटी ४४१८ असलेला नंबर आला आणि तुझे हात थांबले. तू म्हणालीस, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचला. मग कागदाच्या खाली लिहिलेलं माझं नाव वाचलं.

आपला रुपेश ज्या गाडीवर घर सोडून गेला ती गाडी मी हर्राशीत बोललो, हे तुला अकरा वर्षांनी नातीच्या तोंडून कळलं. तू मला एक शब्द विचारला नाहीस. सकाळी पिशवी भरलीस.

एवढंच सांगायचं आहे की त्या दिवशी साठ-सत्तर गाड्या होत्या. सगळ्या धुळीनं भरलेल्या, एकीला आरसा नाही, एकीला सीट नाही. मी नंबर वाचत होतो, गाड्या पाहत नव्हतो. माझ्या ध्यानात आलं नाही. माणसाकडून होतं असं.

तब्येतीला जप.

भैयाजी

*

आष्टी
२६ जानेवारी २०२५

सुलोचना,
जय भीम.

काजल आज आली होती. तिनं तुझी चिठ्ठी दिली. वहीच्या कागदाचा एवढासा तुकडा, त्यावर तुझं अंगणवाडीच्या रजिस्टरमधलं अक्षर. "गाडी ओळखली होती का? खरं लिहा."

ओळखली होती.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. नंबर तर होताच, पण नंबर नसता तरी ओळखली असती. टाकीवर त्यानं स्वतः निळी पट्टी मारली होती आणि ती वाकडी झाली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. साहेबांनी सांगितलं, "ही बोला." मी बोललो. आंजीचा एक माणूस घेऊन गेला. माझा आवाज हलला नाही सुलोचना, ही गोष्ट मी इतक्या वर्षांत स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती.

गाडी मूळ मालकाच्याच नावावर होती, आपण ती जुनी घेतली आणि कागद कधी फिरवले नाहीत, हे तुला माहीत आहे. पोरगा हरवल्याच्या तक्रारीतही तिचा नंबर लिहायचा राहिला, म्हणून पोलिसांना ती आपली हे कळायचा मार्ग नव्हता. सांगणारा मी एकटाच होतो.

काजलनं मोबाईल समोर ठेवून मला दुपारभर बोलतं केलं. मी तिला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. तू लग्न होऊन आलीस तेव्हा ते थकले होते, त्यामुळे तू त्यांचा आवाज ऐकलाच नाहीस. गावात दवंडी द्यायचं काम आमच्या घराकडे, बापाकडे होतं. गळ्यात डफडं अडकवून फिरायचं आणि ओरडायचं, उद्या अमक्याची हर्रास आहे हो. कोणी दाणे द्यायचं, कोणी शिळी भाकर. नागपूरला दीक्षा घेऊन आले त्या आठवड्यात पाटलाचा माणूस बोलावायला आला, तर बाप म्हणाला, "डफडं फुटलं." ते फुटलं नव्हतं. त्यांनी स्वतः चामडं फाडलं होतं.

मी मॅट्रिक झालो, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा द्यायचो. बाजार समितीच्या वासुदेवराव सेक्रेटरींनी तो आवाज ऐकला आणि मला हर्रास बोलायला घेतलं. बाप दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, "म्या जे सोडलं तेच तू उचललं काय रे?" मी म्हटलं, "बाबा, ती भीक होती. हे काम हाये. टेबल हाये, महिन्याच्या महिन्याले पगार हाये." तेव्हा ते म्हणाले, "आवाज तुहा हाये. पण कोनावर चालवतं ते पाह्यजो."

काजलनं हे सगळं रेकॉर्ड केलं. मग मी तिला म्हटलं, मी आजवर समजत होतो की हर्रास म्हणजे ह्रास. शाळेत गुरुजींनी ह्रासाचा अर्थ सांगितला होता, नाश, झीज. वाटायचं, ज्याचं जातं त्याचा तो ह्रासच की. ती हसली. "नाही आजोबा, नुसता आवाज सारखा आहे. हा शब्द अरबी. हराज. फारसीतून, दरबारी कागदांतून फिरत फिरत आपल्याकडे आला आणि आपल्या लोकांनी ज चा स केला. लिलाव पण आपला नाही, तो पोर्तुगीजांनी आणला." तिनं माझे जाहीरनामे सालवार लावले आहेत. आधी नुसतं हर्रास, मग हर्रास आणि कंसात लिलाव, मग लिलाव आणि कंसात हर्रास, मग नुसतं ई-लिलाव. शेवटच्यात माझं नाव नाही, कॉम्प्युटरला तोंड लागत नाही.

पोरगी हुशार निघाली आहे. तिच्याकडे पाहून मला रुपेशची आठवण येते, तिचं नाक त्याच्यासारखं आहे.

भैयाजी

*

आष्टी
९ फेब्रुवारी २०२५

सुलोचना,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. "ओळखली तर काऊन बोलले नाई?"

दहा दिवस हा प्रश्न खिशात घेऊन फिरलो. उत्तर सुरू करतो आणि फाडतो. आज काजल इथेच आहे. ती आतल्या खोलीत तिचं लिहीत बसली आहे, आणि मी ओट्यावर माझं. तिनं विचारलेल्या एका गोष्टीमुळेच हे पत्र पुरं होईल असं वाटतं.

सकाळी ती म्हणाली, "आजोबा, हा शब्द ज्या मुलखातून आला ना, तिथल्या बाजारात एके काळी माणसंही अशीच विकायचे. उभं करायचे, दात पाहायचे, बोली लावायचे. आपल्याकडेही गुलाम विकले-घेतले जायचेच. इतिहास लिहायचा तर हेही लिहावं लागेल." मग हसत म्हणाली, "तुम्ही तर कधी माणसाची हर्रास बोलले नाही ना?"

मी म्हटलं, "नाई."

तिला नाही म्हटलं. तुला सांगतो.

रुपेश भरतीत दुसऱ्यांदा नापास झाला म्हणून निघून गेला, असं मी तुला सांगितलं. पोलिसांनाही तेच लिहून दिलं. तो नापास झाला होता हे खरं. पण तेवढ्यानं गेला नाही.

२० फेब्रुवारी २०११, रविवार. नदीकडच्या रस्त्यावरच्या चिंचांची हर्रास होती. माणसं बरीच जमली होती. शेवटच्या दोन झाडांना फळ कमी होतं, कोणी बोली लावेना. लोक उठायला लागले. गर्दी कशी धरून ठेवायची ते मला येत होतं, थोडं हसवायचं. तेवढ्यात रुपेश माझा डबा घेऊन आला. तूच पाठवला होतास. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला, आणि माझ्या हातात माईक होता.

मी म्हटलं, "थांबा थांबा, जाऊ नोका. आता खरा माल आला. बावीस वर्साचा, दोनदा भरतीतून वापस आलेला. खाते दोघाचं, काम एकाचंबी नाई. बोला, कोन घेते?"

लोक हसले. खूप हसले सुलोचना. उठलेले खाली बसले. मागून कोणीतरी म्हणालं, "फुकट देता काय?" मी म्हटलं, "फुकटबी कोनी नेत नाई याले. एक वार. दोन वार."

तीन वार म्हटलं नाही. ते का थांबलो, माहीत नाही. त्याच्याकडे पाहिलं असेल.

तो रागावला नाही. त्याचं तोंड रडवेलं झालं नाही. त्यानं डबा टेबलाच्या कडेला ठेवला, पाण्याची बाटली त्याच्या बाजूला उभी केली आणि हळूच म्हणाला, "बाबा, जेवून घ्या." मग गेला. ती दोन झाडं मी चांगल्या बोलीला दिली. डबा खाल्ला. भरल्या वांग्याची भाजी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन गेला. तू म्हणालीस, "आज लवकर निघाला पोरगा." मी पेपर वाचत होतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या जूनमध्ये वर्ध्याला आष्टीचे चार-पाच जण गाड्या घ्यायला आले होते. त्यातले दोघे चिंचांच्या हर्राशीला होते. मी म्हटलं असतं, ही माझ्या पोराची गाडी, तर साहेबांनी बयाण घेतलं असतं. पोरगा का गेला, घरात काय झालं. गावानं ती थट्टा समजून सोडून दिली होती, पण त्या दोघांपैकी कोणी तेव्हा तोंड उघडलं असतं, आणि गोष्ट तुझ्यापर्यंत आली असती. एक हर्रास झाकायला मी दुसरी बोललो.

त्या कागदावर हेही लिहिलं होतं की गाडी पुलगाव स्टेशनच्या स्टँडवर मिळाली. मी तक्रारीत लिहून दिलं होतं की पोरगा नागपूरकडे गेला असावा, त्याचे मित्र तिकडे होते. म्हणून सगळे नागपूरकडेच शोधत राहिले. तू तीनदा नागपूरला जाऊन आलीस, फोटो घेऊन सीताबर्डीच्या बाजारात उभी राहिलीस. तिसऱ्यांदा गेलीस ते २०१४ साली. तेव्हा मला माहीत होतं की त्यानं गाडी पुलगावला ठेवली. मी तुला एसटीत बसवून दिलं.

अजून एक. गठ्ठ्यात तो कागद आहे हे मला माहीत होतं. काजलला देण्याच्या आदल्या दिवशी मी तो काढून बाजूला ठेवला, आणि मग परत घातला. माझ्या तोंडून निघणार नव्हतं. वाटलं, कागद बोलेल. तेही काम मी लेकराच्या अंगावर टाकलं.

माफ कर असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

भैयाजी

*

आष्टी
२ मार्च २०२५

सुलोचना,

तीन आठवडे झाले, चिठ्ठी आली नाही. जागृती फोनवर एवढंच म्हणाली, "आईनं पत्र वाचलं. बाबा, तुम्ही आत्ता काही विचारू नका." ती स्वतःही माझ्याशी नीट बोलत नाही. भावाची राखी तिनं अजून दर वर्षी आणून ठेवलेली असते, हे मला काजलनं सांगितलं.

मी परवा आंजीला गेलो होतो. जाहीरनाम्याच्या मागे मीच घेणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. लहानू. मोठ्या आंजीत उतरून विचारत गेलो. मनात काय होतं, नीट सांगता येत नाही. वाटत होतं गाडी मिळाली तर ढकलत का होईना आणावी, तुझ्या दारात उभी करावी. तू तिच्यावर हात तरी फिरवशील.

लहानू भाजीवाला आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. अंगणात वांग्याची पोती शिवत होता. मी म्हटलं, "तुमी वर्ध्याच्या हर्राशीत एक गाडी घेतली होती."

त्यानं मान वर केली नाही, पण हात थांबले. "तुमीच बोलले होते ना ते? म्या आवाज ओळखला."

"गाडी हाये काय?"

"कोठून राह्यते आता? सहा वर्सं चालवली. मंग इंजिन बसलं, भंगारात देल्ली. पन इमानदार गाडी होती. माही पोरगी बारावीले त्याच गाडीवर गेली पेपरले." मग त्यानं विचारलं, "काऊन विचारून राह्यले?"

मी म्हटलं, "माह्या पोराची होती."

तो उठला. आतून खाट आणली, मला बसवलं. बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मग म्हणाला, "तवा सांगतलं असतं तर म्या बोली लावली नसती, काकाजी. कोनीच लावली नसती."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्याच्या बायकोनं चहात आलं घातलं होतं. मला पिववला नाही, तसाच खाली ठेवला. निघताना लहानू रस्त्यापर्यंत आला आणि म्हणाला, "पोलिसात जा. अजूनबी जा. कागद राह्यते त्यायच्यापाशी."

उद्या जातो. काजलला बरोबर घेतो. तिला मी सगळं सांगितलं, चिंचांचंसुद्धा. ती उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आत आली. म्हणाली, "मी येते. पण बयाण तुम्ही द्यायचं. मी फक्त बसीन."

भैयाजी

*

वर्धा
२३ मार्च २०२५

सुलोचना,

हे पत्र मी तुझ्यापासून दोन किलोमीटरवर बसून लिहितो आहे, एसटी स्टँडवर. काजल तुला हातात देईल. ती तुझ्याजवळ बसल्याशिवाय पुढे वाचू नकोस.

बयाण दिलं. गाडी कुठे मिळाली, मी का गप्प राहिलो, पोरगा कशामुळे गेला, सगळं. लिहून घेणारी बाई तरुण होती. चिंचांच्या जागी आली तेव्हा तिनं पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुढे लिहिलं. तिनं रेल्वे पोलिसांना कळवलं. त्यांनी २०११ च्या फेब्रुवारी-मार्चचे कागद काढले. पुलगावहून सुटणाऱ्या गाड्यांच्या दोन्ही बाजूंचे.

शुक्रवारी आम्हाला बोलावलं.

२२ फेब्रुवारी २०११. बडनेऱ्याच्या अलीकडे, लाईनीच्या बाजूला. अनोळखी तरुण, वय वीस ते पंचवीस. गाडीतून पडून मृत्यू. पडला की कसं, ते कागदात नाही. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

त्यांनी फोटो दाखवला. काजलला मी बाहेर पाठवलं होतं. चेहरा मी सांगत नाही. अंगात मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर होता, कागदात लिहिलं आहे, हाताने विणलेला. गळ्याशी विणीचा एक फंदा चुकलेला आहे. तू उसवायला बसली होतीस आणि तो म्हणाला होता, "राहू दे ना आई, कोन पाह्यते." फोटोत ते दिसतं.

तो आपला रुपेश आहे. मी सही केली.

म्हणजे घरून गेल्यावर तो दुसऱ्या दिवशीच गेला होता. तू चौदा वर्षं दार आतून लावून घेतलं नाहीस. दर सणाला एक ताट जास्तीचं वाढलंस. २०१३ सालीच मी तोंड उघडलं असतं तर हे कागद तेव्हाच सापडले असते. तू तेव्हा रडून घेतलं असतंस. तुझी अकरा वर्षं मी ठेवून घेतली, आणि ती परत देण्याची काही तजवीज नाही.

त्यांनी तेव्हा पंधरा दिवस वाट पाहून, पेपरात देऊन, तिथल्याच स्मशानात पुरलं. जागा दाखवू म्हणाले. नातेवाईक म्हणून तुझीही सही लागेल. मी तिथे असावं की नसावं ते तू सांग. नको म्हटलंस तर मी स्टँडवरच थांबेन.

भैयाजी

*

आष्टी
२० एप्रिल २०२५

सुलोचना,
जय भीम.

तू सांगितलंस म्हणून लिहितो आहे.

आधी जे झालं ते थोडं लिहू दे, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. बडनेऱ्याला तू मला बाजूला उभं राहू दिलंस. जागृतीनं तुला धरलं होतं. त्या मातीच्या तुकड्यावर नाव नाही, खूण नाही, बाभळीचं एक झुडूप आहे. तू खाली बसलीस आणि जमिनीवर पालथा हात ठेवलास, ताप पाहतात तसा. मला वाटलं तू मोठ्यानं रडशील. तू फक्त म्हणालीस, "इथं ऊन लागते पोराले."

पुण्यानुमोदनाला तू आष्टीला आलीस. विहारात बायांमध्ये बसलीस. भंतेजींचं झाल्यावर गावातले दोघं-चौघं बोलले, चांगला पोरगा होता, असं. मग तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "याहिले बोलू द्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुला काय हवं होतं ते मला कळलं.

मी उठलो आणि सांगितलं. त्या रविवारचं, माईकवर जे शब्द बोललो ते सगळे, एक शब्द न गाळता. समोर त्या दिवशी हसलेली माणसं बसली होती. काही मेली, काही म्हातारी झाली, पण दहा-बारा तरी होती. ज्यानं "फुकट देता काय" म्हटलं होतं, तोही होता. त्याचं डोकं गुडघ्यात होतं. मी त्याचं नाव घेतलं नाही. ती बोली माझी होती.

माझं बोलून झालं. खीरदान तसंच झालं. बायका पत्रावळी उचलायला लागल्या.

मी तुझ्या मागे स्टँडपर्यंत आलो. वाटलं होतं, तू घराकडे वळशील. चौकात तू थांबलीस, घराच्या दिशेला एकदा पाहिलंस, आणि सरळ गेलीस. बाकावर आपण दोघं बसलो. तू म्हणालीस, "मी घरी येत नाई. आता नाई, पुढंबी नाई. तुमच्यावर राग हाये म्हणून नाई. त्या घरात मी त्याची वाट पाह्यली. आता तिथं काय करू?"

मी म्हटलं, "बरं."

गाडी लागली. तू पायरीवर चढलीस, मग वळून म्हणालीस, "पत्रं लिहत जा. पन तुमचं लिहू नोका. हर्राशीचं, चुकीचं, काई नाई. त्याचं लिवा. मले जे मालूम नाई ते. तुमच्यासंग बाहेर असताना तो कसा राहे, ते मले कुठी मालूम हाये?"

काजलचं लिखाण पुरं झालं. तिनं त्यात तुझं-माझं काही घातलं नाही. शेवटी एवढंच लिहिलं आहे की हा शब्द आता आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरला, आणि तो गेला तर तिला त्याचं फार वाईट वाटणार नाही. तिच्या सरांना ते वाक्य आवडलं नाही. तिनं काढलं नाही.

आता त्याचं लिहितो. तुला माहीत नसलेलं.

तो पहिलीत होता. तू जागृतीला घेऊन माहेरी गेली होतीस. त्याला मी आठवडी बाजारात घेऊन गेलो. मिरच्यांच्या ढिगापाशी कोणीतरी भेटलं, मी बोलत उभा राहिलो आणि पोराचं बोट सुटलं. ध्यानात आलं तेव्हा तो कुठेच नव्हता. मी बाजार पालथा घातला, बैलबाजारापर्यंत जाऊन आलो. तुला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. तुला हे कधी सांगितलं नाही.

तो बांगड्यावालीच्या दुकानापाशी उभा होता. हातात गुळाचा खडा, तिनं दिलेला. रडत नव्हता. बांगड्यावाली हसत मला म्हणाली, "हे पोरगं मघापासून येनाऱ्या-जानाऱ्याले सांगून राह्यलं, माहे बाबा हरवले. कोनी पाह्यले काय?" तिनं त्याला विचारलं होतं, तू हरवला ना रे? तर म्हणे, "नाई. मी इथंच हावो. बाबा हरवले."

मी त्याच्यासमोर खाली बसलो. माझा श्वास लागला होता. त्यानं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला, माझं बोट घट्ट धरलं आणि दटावून म्हणाला, "कुठी गेलते, बाबा?"

भैयाजी